कॉइनकाकूंच्या राण्या

कॉइनकाकू नाणं हातात घेतलं की आधी त्यावरच्या बाईचा गळा बघायच्या. ती कोणत्या सम्राटाची बायको, नाणं चांदीचं की ब्राँझचं, हे सगळं नंतर. डोळ्याला भिंग लावून, टेबलावरच्या दिव्याखाली नाणं तिरकं धरून त्या म्हणायच्या, "हिचा थायरॉइड वाढलाय. इथे बघ. कोरणाऱ्याने सांभाळून घेतलंय, पण लपलं नाही." मग नाणं जरा फिरवून, "आणि हिची झोप होत नाहीये. डोळ्यांखाली बघ." अठराशे वर्षांपूर्वी मेलेल्या बायकांची त्या अशी विचारपूस करायच्या. मला सुरुवातीला हसू यायचं. पण भिंग बाजूला ठेवून तीच नजर त्यांनी माझ्याकडे वळवली की ते हसू जागच्या जागी जिरायचं.

ॲन आर्बरच्या आमच्या मराठी मंडळातल्या मुलांनी त्यांचं नाव कॉइनकाकू पाडलं आणि मोठ्यांनीही ते उचललं. काकू मूळच्या नागपूरच्या. तिथे मेडिकल करून, लग्नानंतर अमेरिकेत आल्या, इथे पुन्हा पहिल्यापासून ट्रेनिंग केलं आणि निवृत्त होईपर्यंत मिशिगनमधल्या बायकांची बाळंतपणं केली. निवृत्तीनंतरही त्यांच्यातली डॉक्टर काही घरी बसली नव्हती. गणपतीच्या जेवणाला हातात पेपर प्लेट घेऊन रांगेत उभ्या असताना त्या पुढच्या बाईला विचारायच्या, "केस कधीपासून गळतायत गं?" बायका त्यांना टाळायच्या आणि मग गुपचूप जाऊन ब्लड टेस्ट करून घ्यायच्या.

त्यांच्या गेस्टरूमच्या कपाटात लाकडी ट्रे होते. आत मऊ कापडाचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक नाणं. सगळी रोमन, आणि सगळ्यांवर बायका. सम्राटांची नाणी त्या घेत नसत. "त्यांच्या कमानी आहेत, पुतळे आहेत, रस्ते आहेत. या बिचाऱ्यांना एवढीशी जागा मिळाली," असं म्हणून त्या अंगठ्याचं नख दाखवायच्या. नाण्याच्या एका बाजूला राणीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला एखादी देवी. या देव्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे नुसत्या गुणांनाच वस्त्रं नेसवून उभं केलेलं. शालीनता म्हणजे डोक्यावरचा पदर चेहऱ्यापुढे ओढणारी बाई. एकोपा म्हणजे हातात तबकडी घेऊन बसलेली बाई. सुफलता म्हणजे दोन मुलं कडेवर आणि दोन पायाशी घेतलेली बाई. काकू नाणं उलटसुलट करून म्हणायच्या, "पुढच्या बाजूला बाई. मागच्या बाजूला, तिने कसं असावं त्याची ऑर्डर."

एकदा त्यांनी मला जूलिया डोम्ना नावाच्या राणीचं चांदीचं नाणं दाखवलं. टोपासारखे बसवलेले दाट केस, ओठ घट्ट मिटलेले. "हिच्या एका मुलाने दुसऱ्याला मारवलं. लपायला तो हिच्या कुशीत शिरला होता, तिथेच मारला. आणि हिला रडायची बंदी. त्यानंतरचं नाणं आहे हे. मागे बघ काय लिहिलंय." मागे पदर ओढलेली बाई होती आणि तिच्याभोवती अक्षरं: पुडिसिटिया. शालीनता. काकूंनी नाणं ट्रेमध्ये ठेवलं, हात धुऊन आल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

मी त्यांच्या घरी जायला लागले ती फोटोंमुळे. माझा नवरा निखिल एका गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि मी नोकरीची परवानगी नसलेल्या डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेली. पुण्यात मी एका सराफाच्या वेबसाइटसाठी दागिन्यांचे फोटो काढत असे. हे कळल्यावर काकू म्हणाल्या, "पुतळ्यांच्या माळेचे फोटो काढलेस ना? मग हे तिचंच भावंड." उन्हाळ्याच्या तोंडावर गावातल्या लायब्ररीत त्यांचं रोमन नाण्यांवरच्या स्त्रियांबद्दल व्याख्यान होणार होतं, त्यासाठी फोटो हवे होते. मग रविवारी दुपारी काका मला गाडीने घेऊन जायचे. काका निवृत्त इंजिनिअर, फार कमी बोलणारे. मी कॅमेरा लावायचे, काकू नाणी काढून द्यायच्या. त्याआधी गणपतीतच मला दिवस गेल्याचं नक्की झालं होतं. मी सांगायच्या आधीच काकूंनी विचारलं होतं.

काकूंचं एका शब्दाशी वाकडं होतं. तो शब्द म्हणजे 'फाइन'. त्या रोज फोन करायच्या आणि मी सवयीने म्हणायचे, "फाइन काकू."

"फाइन म्हणजे? पाय फाइन की पाठ फाइन? झोप? लघवी? एकेक सांग."

मला संकोच वाटायचा. आईलाही मी असं एकेक सांगितलं नसतं. आणि आई तर साताऱ्यात व्हिसाच्या तारखेची वाट बघत अडकली होती. तिला काळजी नको म्हणून मी तिलाही फाइनच सांगायचे, निखिललाही फाइन, क्लिनिकमधल्या नर्सलाही फाइन. तोंडात तो शब्द इतका बसला होता की कधीकधी मलाच तो खरा वाटायचा.

फेब्रुवारीतली गोष्ट. मला आठवा महिना लागला होता. निखिल क्लायंटच्या कामासाठी दुसऱ्या राज्यात, पार्सिपनीला गेला होता आणि बर्फामुळे त्याची परतीची फ्लाइट कॅन्सल झाली होती. सकाळपासून माझं डोकं दुखत होतं. दोनच दिवसांपूर्वी क्लिनिकमध्ये सगळं ठीक निघालं होतं, म्हणून मी डोकेदुखीची टायलेनॉल घेतली आणि काका आल्यावर गाडीत बसले. घरात एकटीने बर्फ बघत बसण्यापेक्षा काकूंकडे बरं.

त्या दिवशी फॉस्टिनाची पाळी होती. मार्कस ऑरेलियस या सम्राटाची ही बायको. हिच्या नाण्यांचा काकूंकडे अख्खा एक ट्रे होता. हिला डझनभराहून जास्त मुलं झाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक लहानपणीच गेली. काकूंनी ब्राँझचं एक मोठं, जड नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. मागच्या बाजूला सुफलता, चार मुलांसकट. "अक्षरं वाच बरं भिंगातून. फोटोत कुठली बाजू वर ठेवायची ते कळेल."

मी वाकले. "फ… ए… काकू, कडेने फार चमकतंय. फोटोत नीट येणार नाही."

"कुठे चमकतंय?"

"कडेने. ठिणग्यांसारखं."

नाणं काळपट हिरवं होतं. शतकानुशतकं मातीत राहिलेलं, चमक नावाला नव्हती त्याच्यात. काकूंनी माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि मुठीत बंद केलं. "आणि आता?"

मूठ बंद होती आणि ठिणग्या तशाच होत्या. वीतभर अंतरावर, हवेत, डाव्या बाजूला.

"अंगठी काढ," त्या म्हणाल्या. मी ओढून बघितली. निघेना. त्यांनी दोन बोटांनी माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. ती नजर मी ओळखत होते, पण माझ्यावर ती एवढा वेळ कधी थांबली नव्हती. त्या उठल्या, ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन आल्या, पट्टा बांधला. पट्टा घट्ट झाला, सैल झाला. त्यांनी पुन्हा एकदा घेतलं.

"किती आहे?"

"अहो," त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "गाडी काढा. हॉस्पिटलला जायचंय." आणि मला म्हणाल्या, "कोट घाल. पर्स राहू दे, मी घेते."

रस्ता पांढरा झाला होता. पुढे बर्फ ढकलणारा ट्रक होता, काका त्याच्या मागून गाडी नेत होते. एका सिग्नलला गाडी घसरली, अर्धी वळली आणि थांबली. काकू माझ्याशेजारी मागच्या सीटवर बसल्या होत्या, बोटं माझ्या मनगटावर. मला वाटलं होतं की त्या धीर देतील, पण त्या सूचना देत होत्या. "गरोदरपणात ब्लडप्रेशर असं वाढलं की ते यकृतावर जातं, मेंदूवर जातं. झटके येऊ शकतात. तुला येतील असं नाही. पण वेळ घालवायचा नाही. तिथे तुला विचारतील, कशी आहेस. फाइन हा शब्द आजच्यापुरता बंद. डोकं कधीपासून दुखतंय, ठिणग्या कधी दिसल्या, सगळं तू सांगायचं. तुझ्या तोंडून."

"तुम्ही सांगा ना काकू."

"काहून? डोकं माझं दुखतंय?"

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, सोबत कोण? घरचंच माणूस आत येऊ शकेल. मी म्हटलं, मावशी. तिने लिहून घेतलं. मला डाव्या कुशीवर झोपवलं, पोटाला बाळाच्या ठोक्यांचा पट्टा लावला, ब्लडप्रेशर घेतलं. काकूंनी गाडीत सांगितलेल्या घरच्या आकड्यापेक्षा ते बरंच कमी आलं. मला केवढं हायसं वाटलं! काकूंचा चेहरा मात्र तसाच होता.

थोड्या वेळाने रेसिडेंट डॉक्टर आली. माझ्याच वयाची, लाल केसांची वेणी घातलेली, डोळे थकलेले. चाळीस गोष्टी एकदम डोक्यात असलेल्या माणसासारखी बोलत होती. पहिल्या खेपेला डोकेदुखी कॉमन असते, म्हणाली. ब्लडप्रेशर जरा वर आहे, पण फार नाही. पाणी भरपूर पी, आराम कर, उद्या सकाळी क्लिनिकला फोन कर. "बाकी कसं वाटतंय?"

तोंडातून तोच शब्द निघणार होता. खालचा ओठ दातांना टेकलाही होता. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, अंगात कोट तसाच, माझ्याकडे बघत नव्हत्या. बाहेर बघत होत्या.

मी मराठीत पुटपुटले, "काकू, तुम्ही डॉक्टर आहात ते सांगा तिला."

"सांगितलं तर ती माझ्याशी बोलेल," काकू मराठीतच म्हणाल्या. "मला ती तुझ्याशी बोलायला हवीय."

मग मी सांगितलं. मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. खरं तर माझं इंग्लिश मोडकं नव्हतं, पण त्या दिवशी ते मोडलं. सकाळपासून डोकं दुखतंय, गोळीने राहिलं नाही. हवेत ठिणग्या दिसतात. आत्ताही दिसतायत, तुमच्या कानापाशी. अंगठी निघत नाही. आणि आत्ता, या क्षणापासून, उजव्या बरगडीखाली कुणीतरी मुठीने दाबतंय असं वाटतंय.

रेसिडेंटने हातातला टॅब्लेट खाली ठेवला.

काकू तेव्हा पहिल्यांदा इंग्लिशमध्ये बोलल्या, अगदी हळू. "गुडघ्याचे रिफ्लेक्स बघाल का, प्लीज? आणि रक्ताच्या टेस्ट येईपर्यंत आम्ही इथेच बसलो तर चालेल?"

रेसिडेंटने माझ्या गुडघ्याखाली हातोडी टेकवली आणि माझा पाय असा उडाला की माझीच मला भीती वाटली. तिचा चेहरा बदलला. तिने रक्त काढायला सांगितलं, ब्लडप्रेशर पुन्हा घ्यायला सांगितलं. या वेळी आकडा काकूंच्या घरच्याहूनही वर होता. मशीन वाजायला लागलं.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं आणि तरी संपता संपेना. सीनियर डॉक्टर आले. एका नर्सने शिरेत औषध सोडलं आणि अंगातून कुणीतरी कढत पाणी फिरवावं तशी मी पेटले. झटके येऊ नयेत म्हणून आहे ते, काकूंनी सांगितलं. यकृताचा रिपोर्ट बिघडलेला आला. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होत चालल्या होत्या. आणखी उतरल्या तर पाठीत इंजेक्शन देता येणार नाही, पूर्ण बेशुद्ध करावं लागेल, म्हणून आत्ताच सिझेरियन. बाळ? बाळ लहान आहे, पण आत राहण्यापेक्षा बाहेर सुरक्षित. निखिलला फोन लावला. तो नुसता "काय? काय?" म्हणत राहिला. काकूंनी फोन घेतला. "निखिल, तिला ऑपरेशनला नेतायत. मी सोबत आहे. घाबरलास तरी चालेल, पण फोन चार्ज करून ठेव." आणि बंद केला.

ऑपरेशन थिएटरमध्ये एकाच माणसाला परवानगी होती. काकू आल्या, डोक्याला निळी टोपी, अंगावर कागदी गाऊन. माझ्या छातीपुढे पडदा लावला होता. त्या माझ्या डोक्याशी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंड होता आणि मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या पडद्याकडे बघत होत्या.

"आयुष्यभर मी त्या बाजूला उभी राहिले," त्या म्हणाल्या. "इकडे बसून इतकी भीती वाटते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"काकू, काहीतरी बोला. काहीही. एखाद्या राणीचं सांगा."

पडद्यापलीकडे भांड्यांचा आवाज होत होता, कुणीतरी शांतपणे काहीतरी मागत होतं. शेवटी काकू म्हणाल्या, "बापा, इतक्या बायका गोळा केल्या मी, पण आत्ता सांगण्यासारखी गोष्ट एकीचीही नाही गं." आणि मग, घाईघाईने, त्यांनी मला सांबारवडी कशी करतात ते सांगायला सुरुवात केली. पुण्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात तिला नागपुरात सांबार म्हणतात इथपासून. कोथिंबीर धुऊन, पसरून, पंख्याखाली कोरडी करायची, ओली राहिली तर संपलं. खसखस, खोबरं, लसूण. पारीला बेसन आणि कणीक. आतून चिंच-गुळाचं पाणी लावायचं. "किती लावायचं?" मी विचारलं, कारण पोटात कुणीतरी जोरात ओढत होतं आणि मला ओरडायचं नव्हतं. "बोटाने. फक्त ओलं होईल एवढं. जास्त झालं तर तळताना…"

त्या थांबल्या. पलीकडे बाळ बाहेर काढलं होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. रडण्याचा आवाज नव्हता. काकूंच्या बोटांनी माझी बोटं अशी आवळली की हाडं दुखली. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. देवाचं नाव घेत होत्या की सेकंद मोजत होत्या, मी कधी विचारलं नाही.

मग एक आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा, रागावलेला.

"मुलगी," पलीकडून कुणीतरी म्हणालं. काकूंनी कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. त्यांचा चष्मा माझ्या भुवईला लागला. "तळताना फुटते," त्या म्हणाल्या. "जास्त झालं तर तळताना वडी फुटते."

आमची मुलगी सई काचेच्या पेटीत राहिली, बरेच आठवडे. नळ्या, पट्ट्या, अंगठ्याएवढी टोपी. माझं ब्लडप्रेशर उतरायलाही वेळ लागला, आणि पहिले दोन दिवस तर काकू माझ्या खोलीतून घरी गेल्याच नाहीत. काका डबा घेऊन यायचे, खुर्चीत बसायचे आणि काहीही न बोलता परत जायचे. दुसऱ्या दिवशी निखिल पोचला. पेटीतल्या मुलीला बघून आल्यावर त्याला कळलं की आम्हाला घरी पाठवणार होते. तो संतापला. "कम्प्लेंट करणार मी. तिला सोडणार नाही, यार. काकू नसत्या तर?"

त्याच वेळी ती रेसिडेंट दारात उभी होती. लाल वेणी विस्कटलेली. तिने सगळं ऐकलं नसेल, पण आवाजावरून समजली असेल. ती पलंगापाशी आली आणि मला म्हणाली, "मी तुम्हाला घरी पाठवत होते." एवढंच. माफी मागण्यासाठी तिला शब्द सापडत नव्हते. काकू उठल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून तिला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

परत आल्यावर त्या निखिलला म्हणाल्या, "तुला कम्प्लेंट करायची तर कर, तुझा हक्क आहे. पण तिला ओरडू नकोस. ती थांबली. ऐकलं तिने. मी नव्हतं ऐकलं."

काकू खिडकीपाशी बसल्या.

"नवी होते मी. गावाबाहेरच्या शेतावरची बाई होती, दुसरी खेप. डोकं दुखतंय म्हणाली. मी विचारलं, बाकी कसं आहे? ती म्हणाली, फाइन. आणि मला ते हवंच होतं गं, तिने फाइन म्हणायला हवं होतं मला, कारण बाहेर आणखी पाच जणी बसल्या होत्या. मी पाठवलं तिला घरी. मूल वाचलं. ती नाही."

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कितीतरी दिवस मी घरात कुणाशी बोलत नव्हते. काका मला ओढून कुठेकुठे न्यायचे. एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथे फॉस्टिना दिसली. विकणारा कौतुकाने सांगत होता, एवढी मुलं झाली, बघा किती भाग्यवान. मी म्हटलं, आणि ती कशी मेली? त्याला माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. नवऱ्याबरोबर लांबच्या मोहिमेवर होती, डोंगराच्या पायथ्याशी कुठल्यातरी खेड्यात गेली. कशाने, ते कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही. तेव्हापासून बघत बसते एकेकीकडे. काहीतरी दिसेल म्हणून."

लायब्ररीतलं त्यांचं व्याख्यान उन्हाळा लागताना झालं. सई तोवर घरी आली होती, आई साताऱ्याहून पोचली होती आणि तिला सईपाशी ठेवून मी गेले. माझे फोटो पडद्यावर एवढे मोठे झालेले. काकूंनी नेहमीच्या पद्धतीने, कमरेवर हात ठेवून, गळे आणि डोळे दाखवले. लोक हसत होते. मग फॉस्टिनाचं एक चांदीचं नाणं आलं. मागे एक सिंहासन आणि त्यावर बसलेली दोन बाळं. "जुळी," काकू म्हणाल्या. "यातलं एक सम्राट झालं, वाईट सम्राट. दुसरं चार वर्षांचं असताना गेलं. नाण्यावर लिहिलंय, आनंदाचा काळ. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय की दुसरं गेलं तेव्हा आईला कुणी सांगितलं आणि सांगणाऱ्याने तिचा हात धरला होता का." हॉलमधलं हसू थांबलं. मागच्या रांगेत ती लाल वेणीवाली रेसिडेंट बसली होती. ती काकूंकडे अधूनमधून यायची, हे मला तेव्हा कळलं.

पुढे निखिलला पार्सिपनीतच नोकरी लागली आणि आम्ही ॲन आर्बर सोडलं. काकूंचे फोन चालू राहिले. सईच्या वजनापासून माझ्या पाळीपर्यंत सगळं एकेक. मी सांगायचे. पार्सिपनीत नव्याने आलेल्या, पोटुशा, एकट्या मुली असतात. मंडळात कुणी भेटली की मी तिच्याशेजारी जाऊन बसते आणि विचारते. आधी त्या माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. मग बोलतात. दोघींना मी स्वतः हॉस्पिटलमध्ये नेलंय. एकीचं काही नव्हतं. दुसरीचं होतं.

काकूंना कॅन्सर झाला तेव्हा त्यांनी स्वतःचं निदान डॉक्टरच्या आधी केलं होतं, असं काका म्हणाले. ट्रे त्यांनी एका कॉलेजच्या म्युझियमला देऊन टाकले, एकही नाणं मागे ठेवलं नाही. गेल्या वर्षी ऑगस्ट संपता संपता त्या गेल्या. त्याच्या थोडं आधी, जुलैमध्ये, मी सईला घेऊन त्यांना भेटायला गेले होते. पार्सिपनीहून एवढं लांब गाडी चालवत, कारण फ्लाइटपेक्षा गाडीत मला विचार करायला वेळ मिळेल असं वाटलं होतं.

त्यांचा पलंग मागच्या खोलीत, बागेकडच्या काचेपाशी आणला होता. त्या फार लहान दिसत होत्या. सई, तेव्हा चार वर्षांची, दाराशी थबकली, मग थेट जाऊन पलंगावर चढली आणि इंग्लिशमध्ये विचारलं, "आर यू गोइंग टू डाय?"

मी ओरडले, "सई!"

"तिला ओरडू नकोस," काकू म्हणाल्या. आणि सईला मराठीत, सावकाश, एकेक शब्द करून, "हो. पण आज नाही. आज आपण मँगो आइस्क्रीम खाणार." काकांनी आइस्क्रीम आणलं. काकूंनी दोन चमचे खाल्ले, सईने बाकीचं सगळं. सई मराठी समजते, बोलत नाही. पण त्या दुपारी ती दोनदा "अजून" म्हणाली.

निघताना मी वाकून नमस्कार केला. काय बोलायचं ते मी गाडीत ठरवलं होतं, सगळं वाक्यावाक्याने. त्यातलं एकही आठवेना. काकूंनी माझा हात धरला, नाडी बघतात तसा मनगटावर.

"रडू नकोस असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गाडी चालवताना रडू नकोस. ओहायोत ट्रक फार असतात."

मी हो म्हटलं. काकांनी सईला तिच्या सीटमध्ये बसवून दिलं, पट्टा दोनदा ओढून बघितला. मी गाडी रिव्हर्समध्ये घेतली, गल्ली ओलांडली, हायवेला लागले. दोन्ही बाजूंनी ट्रक होते. मिशिगन संपलं, टोलेडो गेलं, सई मागे झोपली. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत राहिले. ओहायोतला पहिला रेस्ट एरिया आला तेव्हा मी इंडिकेटर दिला, गाडी आत घेतली, एका झाडाच्या सावलीत लावली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मग रडले.